जिथं वाचलात, ती जागा लिहून ठेवा

कार्तिक लागला की आमच्या कुऱ्हा-कौंडण्यपूर रस्त्यावर दोन गर्द्या एकाच वेळी येतात, यात्रेकरूंची आणि कापसाची. दिवेलागणीला कापसाने गच्च भरलेली ट्रॉली जिनिंगकडे निघते. ताडपत्री दोन्ही अंगांनी फुगून बाहेर आलेली असते आणि मागचा लाल दिवा, असलाच तर, त्या फुगवट्याखाली झाकला जातो. मधेच टायर बसतो. ट्रॉलीवाला उतरतो, शेजारच्या धुऱ्यावरून चार-पाच मोठे दगड आणतो, एक चाकाला लावतो, बाकीचे मागे रस्त्यावर ओळीने मांडतो आणि बाभळीची एक फांदी तोडून त्यांच्यात खोचतो. आपल्याकडचा धोक्याचा बोर्ड तो हाच. तास-दोन तासांत टायर बदलून होतो. उशीर झालेला असतो, ट्रॅक्टर निघून जातो. फांदी वाऱ्याने उडते. दगड तिथेच राहतात.

अशाच एका दगडाने माझा एक विद्यार्थी गेला. बारावी होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. वडील वावरात जागलीला होते, त्यांचा डबा पोहोचवून तो मोटारसायकलने परत येत होता. रस्ता सरळ आणि कोरडा. वेगही फार नसावा, कारण गाडीचा फक्त एक आरसा फुटला होता. पुढचं चाक दगडावर चढलं आणि पोरगा डोक्यावर पडला. त्याचं हेल्मेट दुसऱ्या दिवशी मी घरात खुंटीला पाहिलं. गाडीबरोबर दुकानातून आलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर न काढलेलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी बसायला गेलो. अंगणात सतरंजी टाकलेली होती. अशा वेळी बोलतात तसं लोक बोलत होते. "लिहिलेलं कोणाले चुकते, गुरुजी?" मी मान हलवली. मग एक जण हळूच म्हणाला, "मी बी तिथंच वाचलो होतो आदल्या राती." दुसरा म्हणाला, त्याच्या गाडीचा फुटरेस्ट त्याच दगडाला घासला होता. तिसऱ्याने ऐन वेळी गाडी वळवून काढली होती. चौथ्याची बायको मागे बसली होती, ती ओरडली म्हणून तो सावरला. चौघांनाही तो दगड माहीत होता. चौघंही वाचले, घरी आले, जेवताना ही गोष्ट सांगितली आणि झोपले. उतरून दगड कोणी उचलला नाही. मी त्यांना बोल लावत नाही. त्याच संध्याकाळी मीही त्या रस्त्याने गेलो होतो. मलाही तो दिसला होता.

माझं हे सांगणं त्या चौघांना, मला आणि रोज या रस्त्यांवरून जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. आपण जिथं थोडक्यात वाचतो, ती जागा विसरू नका. शक्य असेल तर त्याच क्षणी थांबून धोका दूर करा. नसेल तर घरी येऊन वहीत लिहा आणि गावाला सांगा. 'वाचलो बाप्पा' म्हणून आपण देवाला हात जोडतो, ते जोडावेतच. पण ज्या जागेने दहा जणांना सोडलं, ती अकराव्याला सोडेलच असं नाही, आणि त्या दहा जणांनी सांगितल्याशिवाय अकराव्याला ते कळायचं कसं?

हा विचार माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेला नाही. नागपुरात २०२१ मध्ये 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात केंद्राची रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल, महिंद्रा आणि नागपूर महापालिका एकत्र आल्या. शहर बसच्या पुढच्या काचेला कॅमेरा आणि इशारा देणारं यंत्र बसवलं. समोरच्या गाडीशी, माणसाशी टक्कर होण्याची वेळ आली की यंत्र चालकाला सावध करतं. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. इशारा कुठे झाला, किती वाजता झाला, याची नोंद राहते. एकाच चौकात पुन्हा पुन्हा इशारे होत असतील, तर तिथे अजून कोणी मेलं नसलं तरी ती जागा धोक्याची ठरते. तिला ते ग्रे स्पॉट म्हणतात.

ब्लॅक स्पॉट हा शब्द आपण पेपरात वाचतो. राष्ट्रीय महामार्गावरचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, तो ब्लॅक स्पॉट. हिशेबासाठी अशी व्याख्या लागते, हे मी समजू शकतो. पण तिचा अर्थ असा होतो की जागेचं नाव यादीत लागण्याआधी माणसं जावी लागतात. आमचा कुऱ्ह्याचा रस्ता तर राष्ट्रीय महामार्गही नाही. इथे एक आज जातो, एक सहा महिन्यांनी. यादी भरेपर्यंत आपण थांबणार आहोत का? नागपूरच्या बसमधला कॅमेरा जे टिपतो, ते आपल्याकडे पारावर रोज सांगितलं जातं. फक्त ते कोणी लिहून घेत नाही.

म्हणून त्या दिवसांनंतर मी एक साधी दोनशे पानी वही केली आणि चहाच्या टपरीवर ठेवली. एका पानावर पाच रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, काय झालं, कशामुळे. जागा लिहायची ती नेमकी. 'वळणावर' लिहून उपयोग नाही; किलोमीटरचा दगड, कोणाचं वावर, कोणता फाटा, कोणती मोरी, असं. पडलेल्याचंच लिहायचं असं नाही, वाचलेल्याचंही लिहायचं. पहिले पंधरा दिवस कोणी हात लावला नाही. मग दूध घेऊन जाणाऱ्या एका पोराने रोह्यांचं, म्हणजे नीलगायींचं लिहिलं. पहाटे कळप आडवा आला, तो ब्रेक मारून थांबला, मागचा त्याच्यावर आदळला. त्यानंतर लोक सांगू लागले आणि टपरीवाला लिहू लागला.

दोन महिन्यांत वही आम्हाला शिकवायला लागली. सगळ्यात आधी तिने वेळ दाखवली. दिवस मावळल्यापासून जेवणवेळेपर्यंतचे जे दोन-तीन तास, त्यांतच बहुतेक नोंदी होत्या. हे का, ते मला एका साध्या हिशेबाने समजलं, तो तुम्हालाही सांगतो. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांनी पाहून, डोक्याने ओळखून, पायाने ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी २० मीटर. एकूण ४५. मोटारसायकलचा डिपर मातीने माखलेली, बिनदिव्याची ट्रॉली जेमतेम तीस-चाळीस मीटरवर दाखवतो. समोरून ट्रकचा प्रकाश डोळ्यांत आला तर त्याहूनही कमी. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हाच वेळ संपलेली असते. आता वेग ४० करा. तीच गाडी २५-२६ मीटरमध्ये थांबते. कुऱ्हा ते कौंडण्यपूर या अंतरात या फरकाने तुमची मोजकी मिनिटं जातात, फार नाहीत. अंधार पडला की काटा चाळिशीवर आणा. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ती ही करा.

दुसरी बाजू ट्रॉलीवाल्यांची. भाऊहो, हे तुम्हाला हात जोडून सांगतो, कारण तुमच्याकडे उपाय सगळ्यात स्वस्त आहे. रेडियमची पट्टी आणा. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी. फाळक्याच्या अगदी वर लावू नका, तिथे ताडपत्री येते. चाकाच्या वरच्या पट्टीवर, खाली लावा. दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, कारण आपली काळी माती पहिल्याच पावसात ती झाकून टाकते आणि मग पट्टी असून नसल्यासारखी होते. बैलबंडीच्या मागच्या आडव्या लाकडावर हातभर पट्टी मारा. बैलांच्या शिंगांनाही लावता येते. गाडी बंद पडली तर आधी ती साइडपट्टीवर उतरवा. उतरत नसेल तर मागे पन्नास पावलांवर माणूस उभा करा, हातात बॅटरी देऊन. आणि दगड लावलेच, तर जाताना पोराला सांगा, दगड मोज. चार लावले तर चार उचलून परत धुऱ्यावर. हे माझ्या विद्यार्थ्याच्या आईच्या वतीने मागतो आहे.

वहीने दुसरं दाखवलं ते सूर्याचं. कौंडण्यपूर अमरावतीच्या पूर्वेला आहे. सकाळी इकडे येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन, संध्याकाळी तिकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन. शाळा आणि नोकरीच्या वेळा नेमक्या त्याच. मी कित्येक वर्षं सकाळी या रस्त्याने डोळे बारीक करून गाडी चालवली आणि समोरून येणारी सायकल मला दिसत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर उन्हात ती पांढरी होते. ती बदला. समोर ऊन असेल तर लाइट चालू ठेवा. तो तुमच्यासाठी नसतो, समोरच्याला तुम्ही दिसावेत म्हणून असतो.

तिसरं आपल्या मातीचं. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावरचा डांबरी रस्ता कडेने खचतो. वरून नवा थर पडला की रस्ता उंच होतो आणि साइडपट्टी खाली राहते. समोरून ट्रक आला म्हणून मोटारसायकलवाला खाली उतरतो, आणि परत वर चढताना त्या वीतभर काठाला चाक घासून पडतो. आमच्या वहीत अशा तीन जागा पुन्हा पुन्हा आल्या. काठ असेल तिथे वेग पूर्ण कमी केल्याशिवाय तिरकं चढू नका. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर वावरातून रस्त्यावर आला की चाकांचा चिखल डांबरावर सांडतो, पावसाच्या दोन थेंबांनी त्याचं लोणी होतं. तो चिखल खरडणं हे ट्रॅक्टर मालकाचं काम आहे. फावड्याने पाच मिनिटं लागतात. सोयाबीन आणि तूर रस्त्यावर पसरू नका, हेही याच ओळीत सांगतो. खळ्याला जागा नाही, गाड्यांच्या चाकांखाली फुकट मळणी होते, हे सगळं मला माहीत आहे. तरी नको.

आता ज्या गोष्टीवर गावागावांत भांडण होतं, ती गतिरोधकाची. अपघात झाला की लोक रस्ता अडवतात, आणि राग शांत होण्याआधी रातोरात मुरूम-दगडाचा एक बांध रस्त्यावर आडवा घालतात. त्यावर पांढरा पट्टा नाही, आधी फलक नाही. पुढच्या आठवड्यात त्याच बांधावर मागे बसलेली एखादी बाई उडून पडते. गतिरोधकाचं ठरलेलं माप आहे, साधारण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, हळूहळू चढणारा आणि उतरणारा. आधी फलक हवा, वर पट्टे हवेत. राग खरा असतो, पण त्या बांधाने पुन्हा आपलीच माणसं पडतात. गतिरोधक मागा, स्वतः बांधू नका.

मागायचं कसं, तेही वहीनेच सोपं केलं. पूर्वी मी एका कार्यालयात या रस्त्याबद्दल अर्ज दिला होता. 'वारंवार अपघात होतात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' असा. पोच घेतली नाही, अर्ज कुठे गेला कळलं नाही. आता आम्ही वहीतली पानं फोटोसकट जोडतो आणि एका अर्जात एकच जागा, एकच मागणी ठेवतो. 'अमुक किलोमीटरच्या दगडापासून दोनशे मीटर साइडपट्टी भरावी.' ग्रामसभेचा ठराव जोडतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांना नुसतं झेंडावंदन करून घरी जाऊ नका, हा विषय घ्या. रस्ता राज्याचा किंवा जिल्ह्याचा असेल तर बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीला. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे तिवसा, मोझरी, बडनेरा, मूर्तिजापूर या बाजूला काही दिसलं तर १०३३ हा नंबर आहे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

हे सगळं खरंच फळ देतं का, असं विचारणारे भेटतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं उदाहरण देतो. तिथे २०१६ मध्ये १५१ माणसं मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि इतरांनी एकेका अपघाताची जागा जाऊन पाहायला सुरुवात केली. कोणी कशावर आदळलं, कठडा कुठे उघडा होता, ट्रक कुठे उभे राहतात. एकेक जागा दुरुस्त होत गेली आणि पुढच्या काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. मूळ काम आमच्या वहीचंच होतं, फक्त पैसा आणि माणसं जास्त.

मोठ्या अपघाताने आपण हादरतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. नागपूर-वऱ्हाडातली घरं होती त्यांत, कितीतरी दिवस आपण तेच बोलत होतो. पण २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्त्यावर १५,२२४ माणसं मेली. रोजची सरासरी चाळिसाच्या वर. त्यांतली बहुतेक एकेकटी गेली. कोणी फाट्यावर, कोणी मोरीवर, कोणी घरापासून कोसभर अंतरावर. त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींची.

आणि रस्ता चांगला झाला म्हणजे काळजी मिटली असं समजू नका. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूर असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तासांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याआधी त्या रस्त्याने आपली हाडं खिळखिळी केली होती, त्यामुळे आनंद सगळ्यांना झाला, मलाही झाला. पण खड्डे होते तोवर गाडी आपोआप हळू होती. आता फाट्यावर रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला समोरच्या गाडीचा वेग पूर्वीच्या सवयीने मोजता येत नाही. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा फाट्यावर नेऊन उभं करा, येणारी गाडी किती लवकर पोहोचते ते दाखवा. मी माझ्या आईला दाखवलं. ती म्हणाली, "मले वाटलं, अजून लय दूर हाय."

हेल्मेटबद्दल मी रागाने लिहीन अशी भीती वाटते, म्हणून थोडक्यात लिहितो. २०२२ मध्ये देशात ५०,०२९ माणसं हेल्मेट नसताना दुचाकीवर मेली. त्यांत मागे बसलेले १४ हजारांहून जास्त. जगभरच्या अभ्यासांवरून निघालेला निष्कर्ष असा की हेल्मेटने मरण्याचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार बसण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. मी विचारलं की एकच उत्तर मिळतं, "इथंच तं जायचं हाय गुरुजी, कायले पाह्यजे?" माझा विद्यार्थीही 'इथंच' गेला होता. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला हेल्मेट नकोसं होतं, हे खरं आहे. आत सुती टोपी किंवा ओला करून पिळलेला रुमाल घाला, सकाळी लवकर निघा, पण घाला. आयएसआय शिक्का पाहून घ्या. हनुवटीचा पट्टा लावा. न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पडतं. बायका स्कार्फ बांधून मागे बसतात, स्कार्फ उन्हासाठी ठीक आहे, डांबरासाठी नाही. टाकीवर लेकराला बसवू नका. आणि शाळेतल्या पोराच्या हातात गाडी देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलाकडून अपघात झाला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा पालकाला धरतो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. पण कायद्याच्या भीतीने थांबू नका, पोरगं हवं म्हणून थांबा.

आता सगळ्यात अवघड भाग. त्या रात्री माझा विद्यार्थी पडल्यावर तिथे माणसं जमली होती. पण वीस मिनिटं त्याला कोणी उचललं नाही. "पोलीस केस होईल", "साक्षीला बोलावतील", हीच कुजबुज. मग कोणीतरी त्याच्या तोंडात पाणी ओतलं. कौंडण्यपूरहून अमरावती चाळीसेक किलोमीटर, पुलापलीकडे वर्धा जिल्ह्यातलं आर्वी त्याहून जवळ. अशा ठिकाणी वीस मिनिटं म्हणजे फार झाली.

तर हे पाठ करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी ते स्पष्ट केलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. तुम्हाला नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही, दवाखाना तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोहोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला केंद्र सरकार आता २५ हजार रुपये देतं. मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैशाशिवाय करण्याची योजना आहे. म्हणून 'पैसे कोण भरेल' हे कारण राहिलं नाही.

आधी १०८ लावा. जागा सांगताना पुन्हा तेच, किलोमीटरचा दगड आणि फाटा सांगा. येणाऱ्या गाड्यांना लांबून थांबवा, नाहीतर जमलेल्या गर्दीतच दुसरी गाडी घुसते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ दुपट्टा घडी करून दाबून धरा आणि सोडू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ते श्वासनळीत जातं. हातपाय धरून उचलू नका. डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून चार जणांनी मिळून, फळीवर किंवा खाटेवर. हेल्मेट असेल तर ओढून काढू नका, काच तेवढी वर करा. गावातल्या दहा पोरांनी हे एकदा जमिनीवर झोपून, एकमेकांना उचलून करून पाहा. आम्ही शाळेच्या मैदानात केलं. पहिल्या वेळी सगळे मान विसरले. तिसऱ्या वेळी जमलं.

रुक्मिणीच्या माहेरी राहतो आपण. इथून तिची पालखी १५९४ पासून पंढरपूरला पायी जाते असं आपण अभिमानाने सांगतो. त्या वेळी वाटेवर बैलगाडीपेक्षा वेगवान काही नव्हतं. आज ती दिंडी ट्रकांच्या बाजूने चालते. पताकेच्या काठीला रेडियम गुंडाळा. शेवटच्या ओळीच्या मागे मागचे दिवे चालू ठेवलेली गाडी असू द्या, आणि तिच्याही मागे बॅटरी घेतलेला एक माणूस. पहाटे अंधारात एकेकटे निघणारे वारकरी वाहनांच्या समोरून, म्हणजे उजव्या कडेने चालोत. येणारं दिसतं तरी. कार्तिकाच्या यात्रेत दहीहंडीहून रात्री परतताना ट्रॉलीत माणसं भरून आणू नका. ट्रॉली मालासाठी असते. वळणावर ती उलटली तर धरायला काही नसतं. मुक्काम करा. देवळाच्या आवारात, नातेवाइकांकडे, कुठेही. सकाळी निघा.

यंदा यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला आम्ही कुऱ्ह्याच्या बसथांब्यावरून निघणार आहोत. एक ट्रॅक्टर, एक रिकामी ट्रॉली, फावडी, घमेली, रेडियमचे गुंडाळे आणि वही. वहीत लिहिलेल्या प्रत्येक जागी थांबायचं. दगड उचलून ट्रॉलीत, चिखल खरडायचा, वळणावरच्या बाभळीच्या खोडांना पट्टी मारायची, वाटेत भेटेल त्या बंडीला आणि ट्रॉलीला पट्टी लावून मगच सोडायचं. दिवस मावळायच्या आत कौंडण्यपूरला पोहोचायचं, कारण त्यानंतरची वेळ आपल्याला माहीत आहे. जे येतील त्यांनी हेल्मेट घालून यावं आणि हातमोजे आणावेत. त्या दगडांच्या फटीत बाभळीचे काटे असतात.